नळ्यांच्या फाईलमधला बॉम्ब

मागे आवाज येतोय ना? बरं. विषय छापलाय 'मित्रराष्ट्रांमधले अण्वस्त्र करार', पण मी बोलणार एकाच करारावर, अमेरिका आणि ब्रिटनच्या १९५८ च्या. आणि आपल्या १२३ करारावर, म्हणजे भारत-अमेरिका अणुकरारावर, आत्ताच प्रश्न नकोत, तो विजेसाठी होता, हा थेट बॉम्बचा आहे.

माझं म्हणणं साधं आहे. अशा करारात दोस्ती शेवटच्या पानावर सहीपुरती असते, खरं काम तुमच्या खिशात काय आहे त्यावर होतं. पण त्याआधी एक किस्सा सांगतोच, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सप्टेंबर १९४४. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, त्याच्या हाइड पार्कच्या घरी तो आणि ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिल बसले आणि एक छोटंसं टिपण केलं, की जपान हरल्यावरही अणूच्या कामात दोघांचं पूर्ण सहकार्य चालू राहील, लष्करी आणि व्यापारी दोन्ही. आता गुप्तता म्हणून बॉम्बला ब्रिटिशांनी नाव दिलेलं 'ट्यूब अलॉईज', म्हणजे नळ्यांचे मिश्रधातू. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट गेला, पुढे ब्रिटिश त्या टिपणाचा विषय काढायला लागले, तर अमेरिकनांना त्यांची प्रत सापडेना! ब्रिटिशांनी आपल्या प्रतीचा फोटो पाठवला तरी काहींना शंका. मूळ प्रत कित्येक वर्षांनी मिळाली, कुठे, तर राष्ट्राध्यक्षांच्या नौदल सहायकाच्या कागदांत. कुणाला तरी वाटलं, नळ्या म्हणजे जहाजाच्या बॉयलरच्या!

हसा, पण आमच्या सोसायटीचं काय झालं ऐका. कन्व्हेयन्सचा अर्ज एका कार्यालयात दिला, अकरा महिने पत्ता नाही, मी दर सोमवारी जायचो, शिपाई मला बघून आपणहून मान हलवायचा. शेवटी एका मॅडमनी शोधला, प्रवासभत्त्याच्या गठ्ठ्यात, कारण आवक टेबलवाल्याला कन्व्हेयन्स म्हणजे रिक्षाचं भाडं वाटलं. वर पेन्सिलीने शेरा, 'बिले जोडलेली नाहीत.' बोला आता. इमारत आमच्या नावावर करून मागतोय आणि हा बिलं मागतोय. तो अर्ज मी लॅमिनेट करून...

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. अहो, मी आत्ता कुठे विषयावर येतोय. बरं, भराभर.

ऑगस्ट १९४६ ला मॅकमहोन कायदा आला, अणूची गुपितं परदेशांना द्यायची नाहीत असा, आणि अमेरिकेने ब्रिटनलाही दार बंद केलं, ज्यांचे शास्त्रज्ञ अमेरिकेचा बॉम्ब बनवायला लॉस अलामॉसला राबले होते त्यांनाच. मग ब्रिटिशांनी स्वतः बॉम्ब केला, ऑक्टोबर १९५२, ऑस्ट्रेलियाजवळ मॉन्टे बेलो बेटांवर. तरी दार उघडलं नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा उपग्रह स्पुतनिक उडाला, अमेरिकेला घाम फुटला, नोव्हेंबरात ब्रिटिशांनी ख्रिसमस बेटाजवळ हायड्रोजन बॉम्ब फोडून दाखवला, आणि ३ जुलै १९५८ ला वॉशिंग्टनमध्ये आपला हा करार, अण्वस्त्रांची माहिती नि साहित्य एकमेकांना द्यायचा. म्हणजे मैत्री बारा वर्षं होतीच की, सही झाली ती दुकानात माल आल्यावर.

आणि माल म्हणजे अक्षरशः माल हं. पुढच्या वर्षांत ब्रिटनने सुमारे ५.४ टन प्लुटोनियम दिलं आणि बदल्यात ६.७ किलो ट्रिटियम, म्हणजे बॉम्बमध्ये लागणारा जड हायड्रोजन, नि साडेसात टन समृद्ध युरेनियम घेतलं. ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी ड्रेडनॉट, तिची अणुभट्टी अमेरिकन. आज पाणबुड्या ब्रिटिश, वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्रावरचा बॉम्ब, इंग्लंडात ऑल्डरमास्टनला बनतं, आणि ट्रायडंट क्षेपणास्त्रं मात्र अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे इथल्या सामायिक साठ्यातून येतात, मग हे स्वतंत्र म्हणायचं का भाड्याचं, यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. करारातल्या साहित्याच्या देवाणघेवाणीच्या कलमाची मुदत दर काही वर्षांनी वाढवावी लागायची, २०२४ मध्ये ती भानगडच काढून टाकली, आता कायमचं.

हो हो, थांबतो. काका, तुमचा प्रश्न ऑकसचा ना, अमेरिका-ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या त्या कराराचा? ऑस्ट्रेलियाच्या पाणबुड्या? त्याला बसावं लागेल, चहा घेऊन या इकडे.