अर्ध्या सेकंदाचा माग

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, हाताशी असण्याचा रोजच्या कामात उपयोग काय आणि तो वाचायचा कसा, हा आजचा विषय. पण आधी आंद्रेस फ्रॉइंडची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मार्च 2024. हा माणूस पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर, सुरक्षेचा तज्ज्ञ नव्हे. डेबियन या लिनक्सच्या 'सिड', म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर तो वेग मोजत होता. त्यासाठी मशीन शांत हवं, आणि एसएसएचडी, म्हणजे दुरून होणारी लॉगिन सांभाळणारा ओपनएसएसएचचा प्रोग्राम, सीपीयू खात होता. तेही चुकीच्या युजरनेमने येऊन लगेच परत जाणाऱ्या लॉगिनसाठी! वेळ मोजली: आधी 0.299 सेकंद लागायचे, आता 0.807. अर्ध्या सेकंदासाठी तुमच्यापैकी किती जण हातातलं काम थांबवतील? राहू द्या, हात वर करू नका, शेजारी मॅनेजर बसलेत. (हशा)

वेळ कुठे जातो ते दाखवणारं पर्फ हे साधन लावल्यावर दिसलं, वेळ जातोय लिब-एलझेडएमएमध्ये, म्हणजे एक्सझेड या प्रकल्पाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीत, फाइली लहान करणाऱ्या आणि इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडात. लॉगिनचा आणि कॉम्प्रेशनचा संबंध काय? ओपनएसएसएच ती लायब्ररी मुळात वापरतच नाही. पण सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, निरोप देता यावा म्हणून डेबियनने त्यात पॅच, म्हणजे स्वतःचा छोटा बदल, घातला होता. त्या पॅचमुळे सिस्टमडीची लायब्ररी लिबसिस्टमडी आली आणि तिच्यामागोमाग लिब-एलझेडएमए. त्यातच त्याला काही आठवड्यांपूर्वीच्या चाचण्यांमधली, मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या वालग्रिंडची एक विचित्र तक्रार आठवली. माग काढत तो पोचला तो थेट मागच्या दारापाशी, म्हणजे कुणीतरी लायब्ररीत मुद्दाम लपवलेल्या चोरवाटेपाशी! मुख्य कोड टेस्टसाठीच्या बिघडवलेल्या फाइलींत दडवलेला, आणि तो बाहेर काढणारी ओळ फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यात. गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, ती नव्हतीच.

यावर लोक म्हणतात, बघा, कोड उघडा होता म्हणूनच कुणीतरी एक्सझेडवाल्यांचा विश्वास कमावून आत शिरला. शिरला, खरंय. पण ही चोरवाट असलेली एक्सझेडची 5.6.0 आवृत्ती फेब्रुवारीच्या अखेरीस आली आणि 29 मार्चला सगळं जाहीर झालं. शोधणारा त्या प्रकल्पातला नव्हता, त्याला कुणाची परवानगी काढावी लागली नाही. आमच्याकडे एका बंद, म्हणजे सोर्स कोड न देणाऱ्या लायब्ररीत असाच संथपणा आला होता. तिच्या कंपनीकडे तिकीट, म्हणजे तक्रार टाकली, उत्तर आलं, 'वेग अपेक्षेप्रमाणे आहे', आणि तिकीट बंद. पुढे बघायला आमच्या हातात काहीच नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर वाचायचं कसं, ते भराभर सांगतो. सर्व्हरवर नेमकी जी आवृत्ती चालू आहे तिचाच टॅग, म्हणजे गिटमधली त्या आवृत्तीची खूण, उघडा, रोज बदलणारी मेन ब्रँच नव्हे. सुरुवात टेस्टपासून करा, लायब्ररी कशी वापरावी हे बऱ्याचदा डॉक्युमेंटेशनपेक्षा तिथे नीट कळतं. एखादी ओळ विचित्र वाटली तर गिट ब्लेम करून, म्हणजे ती ओळ कोणत्या कमिटने (बदलाने) आली ते बघून, त्या कमिटचा मेसेज वाचा. डिबग सिम्बॉल (चालू प्रोग्राम आणि कोडातल्या ओळी जुळवणारी माहिती) टाकून डिबगरने, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने चालवून दाखवणाऱ्या साधनाने, त्या लायब्ररीच्या आत शिरा, बाहेरून अंदाज बांधत बसू नका. आणि एक ओळ बदलून ती लायब्ररी स्वतः बिल्ड करून, म्हणजे कोडापासून चालणारा प्रोग्राम बनवून बघा. बिल्ड होत नसेल, तर तो कोड असून नसल्यासारखा.

स्वतःचा पॅच मूळ प्रकल्पात कसा पाठवायचा ते राहिलं. प्रश्नोत्तरांत कुणीतरी नक्की विचारा.