कॉफीचं भांडं आणि तुमचा ऑनलाइन वर्ग

नमस्कार, श्रोतेहो. सरकारच्या स्वयम पोर्टलवरचा कोर्स असो नाहीतर मुक्त विद्यापीठाचा वर्ग, ऑनलाइन शिकायचं ठरलं की घरात पहिली खरेदी ठरते ती वेबकॅमची. तिथेच जरा थांबा. हा वेबकॅम मुळात कशासाठी जन्माला आला, ठाऊक आहे? कॉफीसाठी!

साल १९९१. केंब्रिज विद्यापीठाची संगणक प्रयोगशाळा. ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच यंत्र आणि पिणारे निरनिराळ्या मजल्यांवर. जिने चढून-उतरून यावं, तर भांडं रिकामं. शेवटी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी भांड्यावर कॅमेरा रोखला, तो संगणकाला जोडला आणि ज्याच्या-त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात भांडं दिसायची सोय केली. चित्र केवढं? १२८ गुणिले १२८ ठिपके. तेही बिनरंगाचं, आणि मिनिटाला जेमतेम तीनदा बदलणारं. फ्रेझर यांनी पुढे गमतीनं म्हटलंय, की भांडंही सावकाशच भरायचं आणि कॉफीलाही तसा रंग नव्हताच. आपल्याकडच्या कचेरीत हा शोध लागलाच नसता म्हणा. चहा आला की आरोळी ठोकणारा एकजण असतोच. तर १९९३ मध्ये हे चित्र वेबवर गेलं आणि जगभरचे लोक केंब्रिजमधलं अर्धं भरलेलं भांडं बघत बसले. ऑगस्ट २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. ते जुनं यंत्र ईबेवरच्या लिलावात जर्मनीच्या श्पीगेल ऑनलाइन या बातम्यांच्या संकेतस्थळानं घेतलं, ३,३५० पौंड मोजून!

मिनिटाला तीन चित्रं, तरी काम भागत होतं. तुमचंही चित्र धूसर असलं तर काही बिघडत नाही; आवाज तुटला तर मात्र तुमची शंका सरांपर्यंत पोचतच नाही. लॅपटॉपमधला कॅमेरा पुरतो. पैसे घाला ते माइकवाल्या इयरफोनमध्ये, आणि तोही वायरचा. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बरेच इयरफोन फोन-कॉलच्या पद्धतीवर जातात आणि समोरचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

जुना डेस्कटॉप असेल, तर मागे दोन भोकं असतात: हिरवं ऐकायला, गुलाबी बोलायला. मोबाइलच्या इयरफोनच्या पिनेवर तीन रेघा असतात, म्हणजे ऐकणं-बोलणं एकाच पिनेत. ती हिरव्यात घातली तर ऐकू येईल, पण माइक मुका. दोन पिनांची स्प्लिटर वायर मधे जोडा, काम झालं. पुन्हा सांगतो: हिरवं ऐकायला, गुलाबी बोलायला.

संगणकाला रॅम, म्हणजे उघडलेली कामं हाताशी ठेवणारी तात्पुरती स्मृती, ८ जीबी हवी आणि फाइली साठवायला हार्ड डिस्कऐवजी तिच्याहून चपळ एसएसडी. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं, पण वर्ग, ब्राउझर आणि पीडीएफ एकदम उघडलं की त्याला धाप लागते. दुकानदार रंगीत दिव्यांचा कीबोर्ड गळ्यात मारेल. लग्नमांडवात शोभेल तो!

डेटाचं म्हणाल, तर तासाभराचा व्हिडिओ ४८० पीवर साधारण अर्धा जीबी खातो, १०८० पीवर त्याच्या तिप्पट-चौपट. हा ‘पी’चा आकडा म्हणजे चित्राची स्पष्टता; आकडा मोठा, तेवढं चित्र स्पष्ट. रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर व्हिडिओवरच्या चाकाच्या चिन्हात जाऊन ४८० निवडा. फळ्यावरची अक्षरं तेवढ्यात वाचता येतात.

आणि मराठी टायपिंग. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमधलं उत्तर पोर्टलवर चिकटवलंत तर तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण तो फॉण्ट आतून इंग्रजी अक्षरांवरच मराठीचा मुखवटा चढवतो. युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली, की विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलता येते.

वर्गात कोणी ‘तुमचा आवाज येत नाही’ म्हणालं, तर आधी ब्राउझरच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून माइकला परवानगी दिलीय का ते बघा. मग इयरफोनच्या वायरीवरचं बटण. ते चुकून दाबलं जातंच. नमस्कार.