तारीख बोर्डाची, वेळ औषधाची

(दृश्य: ससूनच्या फाटकाबाहेरची सकाळ. रिक्षातून उतरणारी माणसं, हातात प्लास्टिकच्या फायली.)

पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय. उपचारासाठी आलेल्यांच्या गर्दीत काही जण दाखल्यासाठी आलेले असतात. दिव्यांगत्वाचा दाखला. तो हाती आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. निराधार योजनेचे पैसे नाहीत, एसटीची सवलत नाही, आयकरातली वजावट नाही.

यातल्या कितीतरी जणांचा आजार अजून चालू आहे, आणि नेमकं हेच विसरलं जातं. दिव्यांग म्हटलं की डोळ्यांपुढे कुबडी येते, पांढरी काठी येते. पण 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी 7 प्रकारांवरून 21 वर नेली. मानसिक आजार आधीपासून होताच. आता पार्किन्सन आला, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आला, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार आले. कुणाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं असतं, कुणाची गोळी घड्याळाच्या काट्याला बांधलेली असते. अशा शरीराने अर्ज करायचा, रांगेत थांबायचं, पुन्हा यायचं.

आमचं म्हणणं सरळ आहे. कागदांसाठी उपचार मोडू देऊ नका. उपचारांची तारीख आधी, बाकीच्या तारखा नंतर.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर स्वावलंबन पोर्टल.)

दाखल्याचा अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर, घरबसल्या करता येतो. त्यानंतर डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी सरकारी रुग्णालयात होते: ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम रुग्णालय. दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि त्यापुढे निळं. बहुतेक योजनांची दारं 40 ला उघडतात. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल, तर दोन्हींच्या टक्क्यांची थेट बेरीज होत नाही. एक सूत्र लावलं जातं, आणि येणारा आकडा साध्या बेरजेपेक्षा कमी असतो. हे आधी माहीत असलं की कार्ड हातात आल्यावर धक्का बसत नाही.

(दृश्य: ओसरीवर बसलेली एक बाई, समोर वही. चेहरा दिसत नाही.)

तपासणीच्या खोलीत एक गोष्ट वारंवार घडते. डॉक्टर विचारतात, "कसं चाललंय?" आणि माणूस म्हणतो, "ठीक आहे, चालतंय." आपल्याकडे दुखणं सांगत बसणं बरं दिसत नाही, लहानपणापासून तसंच शिकवलेलं असतं. त्यात बोर्डाचा दिवस नेमका बरा उजाडलेला असतो, स्वच्छ कपडे घातलेले असतात, सोबत आलेल्या भावाने आधार दिलेला असतो. मग वाईट दिवसाची नोंद होणार कशी?

म्हणून वही ठेवा. कधी तोल गेला, अंघोळीला कुणाची मदत लागली, कोणत्या दिवशी अंथरुणातून उठता आलं नाही, तारखेसह दोन ओळी. वाढवून लिहू नका आणि लपवूही नका. मानसिक आजारात तर हे फारच महत्त्वाचं. तिथे आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. माणूस स्वतःची काळजी किती घेतो, इतरांशी कसा वागतो, बोलणं-समजणं कसं आहे, काम किती होतं आणि आजार किती काळचा आहे, हे तीत पाहिलं जातं. घरचं माणूस सोबत असेल तर त्यालाही बोलू द्या. त्याने पाहिलेलं पेशंटला अनेकदा आठवतही नसतं.

आपण काय काय करू शकत नाही, हे अनोळखी माणसांसमोर पुन्हा पुन्हा सांगताना मन थकतं. तपासणी झाल्यावर तो दिवस मोकळा ठेवा. त्याच दिवशी तहसीलचं कामही उरकून घ्यायचा मोह होतो. टाळा.

(दृश्य: एप्रिलचं ऊन. बसथांबा. पाण्याची बाटली.)

आता पाण्याबद्दल. व्हीलचेअर वापरणारे अनेक जण ऑफिसला जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण तिथे खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह असेल याची खात्री नसते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला यातून लघवीचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो साधा नसतो. तासन्‌तास एकाच जागी बसल्याने बेडसोअर, म्हणजे दाबामुळे कातडीला जखमा, होतात. अर्ध्या-अर्ध्या तासाने अंग उचलून किंवा कलून भार हलवावा लागतो, रांगेतसुद्धा. पार्किन्सनची गोळी लांबली की हातपाय आखडतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापलं की नजर आणि पायांतली ताकद काही वेळासाठी घटते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये दुपारची तारीख मिळाली, तर सकाळची मागून घ्या. मागायला संकोच कसला?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे. 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांची महिन्याची रक्कम 1,500 वरून 2,500 रुपये झाली. औषधांच्या खर्चापुढे ही रक्कम तोकडीच आहे, पण हक्काची आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारशी जोडलेलं बँक खातं, ही जुळवाजुळव घरातल्या दुसऱ्या कुणी केली तरी चालते. पेशंटने फक्त जिथे त्याचीच गरज आहे तिथे जावं.

बोर्डाने दिलेले टक्के पटले नाहीत, तर 90 दिवसांत अपील करता येतं. नवे रिपोर्ट असतील तर जोडा.

(दृश्य: एका कार्यालयाच्या पायऱ्या. शेजारी रॅम्प नाही.)

राहता राहिल्या या पायऱ्या. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला कायद्याने पाच वर्षं दिली होती. ती मुदत जून 2022 मध्ये संपली. रॅम्प नसणं किंवा स्वच्छतागृहाचं दार अरुंद असणं ही आता तुमची अडचण म्हणून सोडून देण्याची गोष्ट राहिलेली नाही. तक्रार ऐकणारं राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. तक्रारीत इमारतीचं नाव आणि तारीख लिहा, नेमकं काय नव्हतं ते लिहा, फोटो जोडा. पोच घेतल्याशिवाय परतू नका.