डार्विननं खोडलेला आकडा

नमस्कार, श्रोतेहो.

वक्तृत्व स्पर्धेसाठी आपण मुलांना मुद्दा ठासून मांडायला शिकवतो. समोरच्यानं सबळ पुरावा दिला की तोच मुद्दा दुरुस्त कसा करायचा, हे मात्र शिकवायचं राहून जातं. ते शिकायचं तर चार्ल्स डार्विनकडून, असं मला मनापासून वाटतं.

1859 साली सजीव कसे बदलत गेले हे मांडणारं त्याचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक निघालं. त्यात एक हिशोब होता. दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड भागाची झीज व्हायला किती काळ लागला असेल? समुद्राच्या माऱ्यानं 500 फूट उंचीचा कडा शंभर वर्षांत एक इंच मागे सरतो, असं त्यानं धरलं. उत्तर आलं सुमारे 30 कोटी वर्षं! हा आकडा त्याच्या फार सोयीचा होता, कारण सजीव सावकाश बदलत गेले असतील तर काळही अफाट हवा. टीकाकारांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. शंभर वर्षांत एकच इंच, हे कशावरून? दुसऱ्या आवृत्तीत डार्विननं सूर नरम केला आणि 1861च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो अख्खा हिशोबच काढून टाकला. पृथ्वी अतिशय जुनी आहे, हे म्हणणं मात्र सोडलं नाही. मला यातलं हे तारतम्य फार मोलाचं वाटतं.

त्यामागे त्याची एक सवय होती. आत्मचरित्रात तो सांगतो, की आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच टिपून ठेवायचा. सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या चटकन निसटतात, हा त्याचा अनुभव. स्वतःच्या मनाचा कल ओळखून केलेला इतका साधा इलाज मला दुसरा माहीत नाही.

पण श्रोतेहो, पटलेला प्रत्येक आक्षेप खराच असतो असं नाही. 1867मध्ये फ्लीमिंग जेंकिन या इंजिनिअरनं विचारलं, एखाद्याच प्राण्यात आलेला चांगला गुण पुढच्या पिढ्यांत मिसळत, पातळ होत नाहीसा नाही का होणार? डार्विनला ते पटलं आणि 1869च्या पाचव्या आवृत्तीत त्यानं आपली मांडणी बदलली. जेंकिनचा तर्क चोख होता, गृहीतक चुकीचं होतं. गुण असे विरघळून जात नाहीत, ते सुटे राहतात आणि पुढं पुन्हा प्रकट होतात, हे दाखवणारे ग्रेगोर मेंडेल या संशोधकाचे वाटाण्यांवरचे प्रयोग 1866 सालीच छापून आले होते. त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्षच गेलं नाही. 1900 साली ते पुन्हा उजेडात आले आणि मग जेंकिनच्या आक्षेपाचा पायाच ढासळला.