माळाला गवत राहू द्या

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर खड्डे खणायची घाई सुरू होते. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली जाते. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही माझी कळकळीची विनंती आहे, की उघड्या माळावर झाडं लावण्याआधी खालच्या गवताकडे एकदा बघा.

महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे जेमतेम ५००. सह्याद्री ढग रिकामे करून घेतो, आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. एवढ्या पावसावर, अशा मुरमात वाढतं ते गवतच, आणि मधून मधून हिवर, बोर, बाभूळ. मारवेल, पवना, कुसळी ही गवतं उन्हाळ्यात वाळून जातात, पण ठोंब जिवंत असतो आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतो. मुळांनी माती धरलेली असते, म्हणून पाणी वाहून न जाता मुरतं. चंडोल आणि धाविक इथं जमिनीवरच अंडी घालतात. खोकड, लांडगा इथंच पिल्लं वाढवतात. माळ झाडांनी भरला तर त्यांनी जायचं कुठं?

आपली वाडवडील मंडळी गवत राखायची. पावसाळ्याच्या तोंडाला पडीक रानाचा एक तुकडा चराईला बंद, आणि बी झडल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी. खिल्लार बैल त्या वैरणीवर उन्हाळा काढायचे. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्यालाही हे आज जमतं. उंबऱ्याएवढा राहिलेला बांध पुन्हा हातभर रुंद करा, त्यावर तणनाशक मारू नका, बोरी-हिवराला कुऱ्हाड लावू नका. त्या झाडावर घुबड बसलं तर तुमच्याच ज्वारीतले उंदीर खाईल. बाजरीत मटकी, हुलगा घ्या. सुगी झाली की धनगराची मेंढरं रानात बसवा. लेंडीखतासारखं खत नाही.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर आठवा. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या धडपडीतून उजाड डोंगरावर अभयारण्य उभं राहिलं. तिथं झाडं लावली हे खरं, पण मला त्याहून मोलाची वाटते ती राखण. कुऱ्हाड आणि बेसुमार चराई थांबली, की जमीन स्वतः बरंच काही उगवते.

बी विकत आणायची गरज नाही. गावातल्या जुन्या बांधावर, देवाच्या रानात अजून मारवेल असते. तिचे मुळासकट ठोंब काढा, चांगली ओल झाली की हातभर अंतरावर लावा. कुसळी-पवन्याचं बी पिकल्यावर ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा, पुढच्या मृगाच्या तोंडावर मातीत मिसळून फेका. पहिल्या वर्षी त्या तुकड्यात जनावर सोडू नका आणि उन्हाळ्यात वणव्यापासून जपायला भोवती जाळपट्टा, म्हणजे गवत नसलेली मोकळी पट्टी, काढा.

नमस्कार.