केगल करताय, पण उलटं तर करत नाही ना?

नमस्कार. आवाज येतोय ना नीट? बरं.

श्रावण जवळ आला की माझ्या कॉमेंटमध्ये एकच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतो. “ताई, मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये आहे, पण फुगडीला नको वाटतं.” “झिम्म्यात उडी मारली की थोडं होतं.” आता थोडं काय होतं, ते कुणी लिहीत नाही. मी म्हणते. लघवी होते. शिंकलं की होते, खोकला आला की होते, गॅसचं सिलेंडर सरकवलं की होते. आणि काही जणींचं वेगळंच. घराचं कुलूप उघडता उघडता अशी जोरात लागते की दारातच होते.

हे दोन वेगळे प्रकार आहेत. पोटावर दाब आला की गळते तो एक, आणि अचानक घाई होऊन धरवत नाही तो दुसरा. पन्नाशी-साठीनंतर पुष्कळ जणींना दोन्ही थोडं थोडं असतं. कारणं तुम्हाला माहीत आहेत: बाळंतपणं, पाळी गेल्यावर कमी झालेलं इस्ट्रोजेन, वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता. त्यावर मी वेळ घालवत नाही.

मागच्या व्हिडिओखाली एका भाऊंनी लिहिलं होतं, “असं कॅमेऱ्यासमोर बोलायला लाज वाटत नाही?” भाऊ, नाही वाटत. तुमच्या घरातली कुणीतरी एसटीने गावाला जायचं म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पीत नसेल. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नवरा-नवरीच्या आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवत असेल. कधी विचारून बघा.

तर, व्यायाम. नाव सगळ्यांना पाठ आहे, केगल. म्हणजे लघवी धरून ठेवणारे खालचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. आर्नॉल्ड केगल नावाचे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ होते, त्यांनी 1948 मध्ये हे मांडलं. पण त्यांनी बायकांना नुसतं “आवळा आणि सोडा” सांगून घरी पाठवलं नव्हतं. स्नायू खरंच आवळला जातोय का, ते दाब मोजणाऱ्या उपकरणावर बघितलं जायचं. आपण व्यायाम उचलला आणि बघणं सोडून दिलं. माझं भांडण आहे ते इथे.

माझ्या आईचंच सांगते. आई 68 वर्षांची आहे. तिला मी फोनवर सांगितलं होतं, “अगं आई, लघवी अडवल्यासारखं कर, दिवसातून तीनदा.” दीड मिनिटात सांगून मोकळी झाले. दिवाळीला घरी गेले तर म्हणाली, “काही फरक नाही बाई तुझ्या त्या केगलने.” म्हटलं, करून दाखव. तिने देवघरातली जपमाळ आणली! ओठ मिटले, श्वास धरला, चेहरा लाल, आणि एकेका मण्याला एक असे 108 केगल. मी तिच्या पोटावर हात ठेवला तर पोट बाहेर फुगत होतं. म्हणजे चार महिने ती खाली ढकलत होती. खालच्या स्नायूंची जी झोळी वर उचलायची, तिच्यावरच रोज जोर देत होती. फिजिओथेरपिस्ट मुलगी असून ही गत.

आणि ती काही एकटी नाही. 1991 मध्ये अमेरिकेत 47 बायकांना थोडक्यात तोंडी सांगून केगल करायला लावले आणि तपासलं. जेमतेम निम्म्या जणींना नीट जमलं होतं. चौघींतली एक तर अशा पद्धतीने करत होती की त्याने त्रास वाढायचा. त्यामुळे रीलमध्ये कुणी तीस सेकंदांत “स्क्वीझ अँड रिलीज” म्हणून नाचायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आता नीट बघा. [खुर्ची पुढे ओढते]

जुना बटवा आठवा, आजीच्या कमरेला असायचा तो. नाडी ओढली की दोन गोष्टी होतात. तोंड मिटतं आणि बटवा वर उचलला जातो. आपल्याला हेच करायचंय. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळं तिच्यावर टेकलेलं. आधी मिटायचं, मग वर ओढायचं. खाली काही जात नाही.

बटवा नाही कळला? मग असं समजा. तुम्ही सत्यनारायणाच्या कथेला पुढच्या रांगेत बसलाय, तिसरा अध्याय चालू आहे, आणि गॅस येतोय. काय करता? उठत नाही, कुल्ले दाबत नाही, चेहऱ्यावर तर काहीच दाखवत नाही. आतल्या आत, मागून, गुपचूप वर ओढून धरता. ती जी ओढ आहे, तीच. ती मागून सुरू करा आणि पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. शेजारच्या काकूंना कळलं तर चुकलं.

तरी शंका असेल तर टॉवेल घ्या. [टॉवेलची गुंडाळी खुर्चीवर, उभी] साधा पंचा चालेल. घोड्यावर बसल्यासारखं त्यावर बसा. आता ओढा. ती जागा टॉवेलवरून किंचित सुटल्यासारखी वाटली तर बरोबर. टॉवेलवर जास्त दाबली गेली तर तुम्ही ढकलताय, थांबा. एक हात बेंबीखाली ठेवा. तिथे थोडं आत गेलं तर चालेल, फुगलं तर नाही. आणि मोठ्याने अंक मोजा. बोलत असाल तर श्वास कोंडता येत नाही. आईला मी हेच लावलं. माळ काढून घेतली आणि म्हटलं, आता तोंडाने मोज, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे.

किती करायचं ते सोपं आहे. सुरुवातीला तीन सेकंद धरा, तितकंच किंवा जास्त वेळ पूर्ण सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. शेवटी चार-पाच झटपट, आवळलं-सोडलं. आधी झोपून गुडघे वाकवून, मग बसून, मग उभ्याने. सोडणं विसरू नका, स्नायू सैल पडला तरच परत ओढता येतो. किमान तीन महिने. तीन आठवड्यांत “ताई, काही होत नाही” लिहू नका.

आणि कृपा करून लघवी करताना मध्येच धार थांबवून व्यायाम करू नका. हे कुठून पसरलंय देव जाणे. जागा ओळखायला एखाद्या वेळी ठीक, पण रोज केलंत तर मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते. योगवर्गाला जाणाऱ्या मावशी विचारतात, “आमचा मूलबंध तोच ना?” ओढ बरीचशी तीच आहे, मावशी. फक्त श्वास रोखून करत असाल तर यासाठी श्वास चालू ठेवून करा.

आता खरा उपयोग. शिंक येतेय असं कळतं ना, नाक हुळहुळतं, त्या एका सेकंदात ओढा आणि मग शिंका. खोकण्याआधी, बादली उचलण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी, तसंच. आई आता दळणाचा डबा उचलताना “वर” असं म्हणते आणि उचलते. बाबांना वाटतं डब्याला सांगतेय.

घाईवाल्यांसाठी वेगळं. कळ आली की धावू नका. धावलं की हमखास होते. जिथे आहात तिथे उभ्या राहा, जमलं तर बसा, पाच-सहा वेळा झटपट ओढा, कळ लाटेसारखी ओसरते. ती ओसरली की मग चालत जा. सोबत तीन दिवस वही ठेवा, किती वाजता गेले, काय प्यायले, कधी गळलं. तासाला जात असाल तर सव्वा तासावर न्या, जमलं की दीड तास. निदान सहा आठवडे द्या त्याला.

त्यातून आपल्याकडे एक वाक्य आहे, “निघायच्या आधी जाऊन ये गं.” लहानपणापासून ऐकतोय. लांबच्या प्रवासाला ठीक आहे, पण वाण्याकडे जाताना जा, भजनाला जाताना जा, लागलेली नसताना जा. मग मूत्राशयालाही थोडं भरलं की निरोप पाठवायची सवय लागते. आणि पाणी तोडणं हा उपाय नाही. लघवी घट्ट होते, आत जळजळते, कळा वाढतात. तोडायचाच असेल तर चौथा चहा तोडा.

डॉक्टरांकडे कधी? लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, लघवी अडकणं, जांघेत बधिरपणा, पायातलं बळ जाणं, यात व्हिडिओ बघत बसू नका, त्याच दिवशी जा. अंग बाहेर येतंय असं वाटलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ओढताना दुखत असेल तर स्नायू आधीच आखडलेला असू शकतो, मग केगल बंद. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, पण मनाने गोळी सोडू नका, वेळ बदलता येईल का एवढं विचारा. तिथे कुणी “वयानुसार होतंच” म्हणालं तर या स्नायूंचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट मागा. आत तपासून ती सांगेल तुम्ही ओढताय की ढकलताय.

शेवटची कॉमेंट, सांगलीच्या एका आजींची. “वय 72. आता उपयोग होईल का? आणि फुगडी घालू का?” आजी, उपयोग होतो, स्नायू या वयातही शिकतो. फुगडीचं म्हणाल तर यंदा पिंगा धरा, गाणी म्हणा, बसफुगडी आणि उड्या नकोत. ओढून धरणं उभ्याने जमायला लागलं की मग हात धरून हळू दोन गिरक्या. आणि तालमीला जाल तेव्हा एकदा विचारा, मागच्या रांगेत कोण कोण कशामुळे उभी आहे. मला आकडा कळवा.

टॉवेल हातात घेतलाय ना? चला, माझ्याबरोबर. मोठ्याने. वर… एक, दोन, तीन… सोडा.