डोक्यावरचा फेटा, पायातली चप्पल

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आत येताना दारातच मला फेटा बांधला. शाल दिली, नारळ दिला. कोल्हापुरात पाहुण्याचं डोकं मोकळं ठेवायची पद्धत नाही, आणि मीही नको म्हटलं नाही. चाळीस वर्षं मशीनवर मान मोडून बसलेल्या माणसाला कुणी फेटा बांधत असेल तर तो कशाला नको म्हणेल? पण उद्या रविवार आहे. सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाईन तेव्हा डोक्यावर काही नसेल. इथं मान राखायला डोकं झाकलं, तिथं मान राखायला उघडं ठेवायचं. डोकं तेच.

मी शिंपी. चर्चमध्ये जाताना पोशाख कसा असावा यावर बोला म्हणून आयोजक दुकानात आले तेव्हा मी म्हटलं, अहो, एखाद्या फादरना बोलवा, मी काय सांगणार? पण मग लक्षात आलं, हा प्रश्न फादरना कुणी विचारतच नाही. तो शिंप्याला विचारतात. डिसेंबर आला, मे महिना आला की सुरू होतं. “मास्तर, मैत्रिणीचं लगीन चर्चमधी हाय, साडी चालती का?” “मास्तर, काळं घातलं तर काय म्हणतील?” “मास्तर, हात झाकायचे का उघडे?” मी कॅथलिक आहे हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, त्यामुळं माप घेता घेता शास्त्रही सांगावं लागतं.

आधी माझी एक चूक सांगतो. १९८७ सालची गोष्ट. चर्चमध्ये एक लग्न होतं आणि मी स्वयंसेवक. विशीतलं पोरगं, छातीला फीत लावलेली, दारात उभं. नवऱ्यामुलाच्या मित्राचे वडील पन्हाळ्याकडच्या एका खेड्यातून आले. स्वच्छ धोतर, खळ दिलेला पांढरा फेटा, तुरा ताठ. मी पुढं झालो आणि म्हटलं, “बाबा, आत फेटा चालत नाही. काढून घ्या.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “पोरा, कोण वारलंय का हितं?”

मला तेव्हा कळलं नाही ते काय विचारतायत. आपल्याकडं जुन्या माणसाचं डोकं चारचौघांत उघडं पडायचं ते मयताला. नाहीतर कुणाच्या पायावर पागोटं ठेवून गयावया करायची वेळ आली तर. मी त्यांना लग्नाच्या दारात सुतकाची खूण करायला सांगत होतो. त्यांनी वाद घातला नाही. फेटा अलगद उतरवला, मांडीवर ठेवला आणि तासभर त्यावर हात ठेवून बसले. मिस्सामध्ये सारखं उठायचं असतं, बसायचं असतं, गुडघे टेकायचे असतात. लोक उठले की हे फेटा सावरत सावरत उठायचे, तोवर लोक परत बसलेले असायचे. मिस्सा संपल्यावर पायरीवर येऊन त्यांनी फेटा सोडला आणि मला म्हणाले, “धर हे टोक.” मी टोक धरून उभा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बांधला. जाताना एक शब्द बोलले नाहीत.

आता ऐका, त्या दिवशी मी जो नियम सांगितला तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

पुरुषानं प्रार्थनेच्या वेळी डोकं उघडं ठेवावं आणि बाईनं झाकावं हे बायबलमधल्या, संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, अकराव्या अध्यायात. ते पत्र ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावाला लिहिलेलं, तिथल्या चालीरीती डोळ्यांसमोर ठेवून. पुढं शतकानुशतकं ते चालत आलं. १९१७ साली चर्चचा कायदा पहिल्यांदा एका संहितेत बांधला गेला तेव्हा १२६२ क्रमांकाच्या कलमात ते लिहिलं गेलं. पण त्याच कलमात, पुरुषांच्याच वाक्यात, पुढं एक सवलत आहे: लोकांची मान्य रूढी वेगळी असेल तर तसं चालेल. म्हणजे रोममध्ये बसून कायदा लिहिणाऱ्यांना पगडी-फेट्याची माणसं जगात आहेत हे सुचलं होतं. कोल्हापुरात जन्मलेल्या मला ते सुचलं नाही. आणि १९८३ साली नवी संहिता आली, तिच्यात हे कलमच नाही. मी १९८७ साली दारात उभा होतो.

ही अडचण काही आपल्यालाच आलेली नाही. चीनमध्ये येशूसंघी, म्हणजे जेझुइट, धर्मगुरू गेले तेव्हा तिथं उघड्या डोक्यानं मोठ्या माणसासमोर जाणं म्हणजे बेअदबी. मग वेदीपुढं उघड्या डोक्यानं उभं राहायचं कसं? १६१५ साली पोप पाचवे पॉल यांनी तिथल्या धर्मगुरूंना डोक्यावर टोपी ठेवून मिस्सा करायची परवानगी दिली. नुसत्या भाविकांना नाही हो, मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूला! त्यासाठी चौकोनी घडणीची खास टोपी शिवायचे. तसली टोपी मला एकदा हातात घेऊन उसवून बघायची आहे, पण ते राहू द्या.

कुणीतरी विचारणारच, मग बिशप डोक्यावर उंच मुकुट घालतात तो कसा चालतो? बिशपांचा मुकुट हा त्यांच्या पदाचा पोशाख. त्याच्या आत एक छोटी गोल टोपीही असते. पण मिस्सामधली मुख्य प्रार्थना सुरू झाली की दोन्ही उतरतात. पुढच्या वेळी लक्ष ठेवून बघा. शेजारी उभा असलेला मुलगा मुकुट धरतो तो थेट हातानं नाही, खांद्यावरच्या कापडातून.

बायकांच्या डोक्याचा प्रश्न आपल्याकडं कधी उभाच राहिला नाही. युरोपात त्यासाठी जाळीच्या ओढण्या लागल्या. माझी आई चर्चमध्ये शिरताना पदर डोक्यावरून घ्यायची आणि शेजारच्या काकू अंबाबाईच्या देवळात शिरताना घ्यायच्या. दोघींना ते कुणी शिकवलं नव्हतं. चर्चनं १९७६ साली एका दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं की स्त्रियांनी डोकं झाकायचा तो आदेश आता बंधनकारक नाही. आमच्या आईला ते सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं, मग? आणि पदर ओढला असता. आज पोरी ओढणी गळ्यात टाकून येतात. चालतं. एखादीनं डोक्यावरून घेतली तर तेही चालतं. दोघींनी एकमेकींकडं बघून नाक मुरडू नये एवढंच.

आता पायांकडं येऊ, कारण कोल्हापुरात पायातल्याचा विषय टाळता येत नाही.

शहरातल्या चर्चमध्ये बूट-चप्पल घालून आत जातात. आपल्या हिंदू पाहुण्यांना पहिला धक्का तिथंच बसतो. दारात चप्पल काढतात, बाकीचे घालून जाताना दिसतात, मग गोंधळून परत घालतात. काढली तरी हरकत नाही, हे मी मनचं सांगत नाही. बायबलमधल्या निर्गम पुस्तकात मोशेला जळत्या झुडपातून काय आज्ञा झाली? पायातलं काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. आणि १९६९ साली भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून व्हॅटिकननं उपासनेत बारा बदलांना मान्यता दिली, त्यात पादत्राणं काढून ठेवणं आहे. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं आहे, पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो कपाळाला लावणं आहे. म्हणजे आपण घरात जे करतो ते. काही ठिकाणी हे रुजलं, काही ठिकाणी रुजलं नाही. शहरात बाकं आली, बाकांबरोबर बूट आले.

पण एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. करकर वाजणारी कोल्हापुरी घालून मिस्साला येऊ नका. चप्पल वाजली पाहिजे म्हणून आपण मुद्दाम तशी घेतो, रस्त्यावर ती शोभते. पण भाकर आणि द्राक्षारस वर उचलला जातो त्या क्षणी चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते. त्यात मागून कुणी करर्र करर्र करत उशिरा आलं की अख्ख्या चर्चची मान वळते. दोष चपलेचा नाही, उशिरा येण्याचा आहे. पण चप्पल चहाडी करते.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. देवळाच्या पोशाखात आणि चर्चच्या पोशाखात फरक कुठं पडतो? अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या देवळात तोकडे कपडे घालून येऊ नये असं देवस्थान समितीनं २०२५ साली सांगितलं. रोमच्या सेंट पीटर्समध्येही खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारावरून परत पाठवतात, मग तुम्ही कुठल्याही देशातून आलेले असा. इथपर्यंत सारखंच. पण देवळात आपण रांगेतून जातो, दर्शन घेतो, बाहेर पडतो. चर्चमध्ये तुम्ही तासभर एका जागी असता, आणि तुमच्या मागच्या बाकावरच्या माणसाला तासभर तुमची पाठ दिसत असते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, चर्चचा कपडा आरशात समोरून बघू नका. पाठीमागून बघा, आणि गुडघे टेकून बघा.

दुकानात मी खरंच तसं करायला लावतो. ब्लाऊजची पाठ उभं असताना ठीक दिसते. वाकलं की गळा कुठं जातो बघा. स्कर्ट उभं असताना गुडघ्याखाली असतो, गुडघे टेकले की वर सरकतो. तरुण पोरांना वाटतं हे सगळं पोरींनाच सांगायचं. भावांनो, कंबरेखाली घसरलेली जीन्स घालून गुडघे टेकता तेव्हा मागच्या बाकावरच्या आजीनं प्रार्थना कशी करायची? आणि टी-शर्टच्या पाठीवर काय छापलंय ते घालण्याआधी वाचत जा. मागचा माणूस प्रवचनाऐवजी तेच वाचतो.

बाही किती असावी, गळा किती इंच, हे विचारू नका. असा आकडा चर्चच्या कुठल्याही कायद्यात नाही. १९९२ साली निघालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात १३८७ क्रमांकाचा परिच्छेद आहे. त्याचा आशय असा, की कम्युनियन, म्हणजे मिस्सामधली ती पवित्र भाकर, घेताना ख्रिस्त आपला पाहुणा होतो. त्या घटकेचा आदर, गांभीर्य आणि आनंद आपल्या हावभावांत आणि कपड्यांत दिसावा. पाहुणा हा शब्द मी पदरचा घातलेला नाही, तो तिथं आहे. पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण काय करतो हे कोल्हापूरकराला मी काय सांगू? आणि आनंद हा शब्दही विसरू नका. तोंड पाडून, रंग उडालेलं घालून येण्यात काही पुण्य नाही.

पण पाहुण्यासाठी नवं कापड नसेल तर? शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून थेट मिस्साला येणारी पोरं असतात. अंगात कंपनीचा गणवेश, ऑइलचे डाग. ती मागं खांबाआड उभी राहतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. सोन्याची अंगठी आणि भपकेदार कपडे घातलेल्या माणसाला तुम्ही चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता, तू तिकडं उभा राहा. असं भेदाचं वागू नका, म्हणतो याकोब. मी शिंपी असून सांगतो, हा अध्याय वाचल्यावर माझं अर्धं दुकान बंद पडायला हवं.

रंगांचं थोडक्यात. तुम्ही कुठल्या रंगाचं घालावं याला नियम नाही. रंग बदलतात ते धर्मगुरूंच्या वस्त्राचे. नाताळ-ईस्टरला पांढरा, नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, गुड फ्रायडेला आणि रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांच्या, सणांना लाल, एरवी हिरवा. दोनच रविवारी गुलाबी चालतो, आगमनकाळातला तिसरा आणि उपवासकाळातला चौथा. आत जो लांब पांढरा झगा असतो तो बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्राची आठवण. आणि नवरीचा पांढरा झगा? त्याला बायबलात काही आधार नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८४० साली पांढरं घालून लग्नाला उभी राहिली, तिथून ती फॅशन पसरली. आपल्याकडं पांढरं म्हटलं की जुन्या बायकांच्या कपाळाला आठी पडते. एका नवरीच्या आजीनं माझ्या दुकानात ठणकावून सांगितलं होतं, “पांढरं आमी नेसवणार न्हाई.” मग पांढऱ्या साडीला रुंद जरीचा काठ लावला आणि हातात हिरवा चुडा भरला. फादरनी काही विचारलं नाही, आजी पहिल्या रांगेत बसली.

एक-दोन प्रश्न घेतो म्हणालो होतो.

हां, ताई विचारतायत, कम्युनियनच्या रांगेत सगळ्यांनी जायचं का? नाही. ते कॅथलिकांपुरतं आहे. रांग लागली की तुम्ही जागेवर शांत बसा, कुणाला वाईट वाटत नाही.

आणि मागून विचारतायत, मास्तर, उद्या हाच फेटा घालून मिस्साला जाणार का? नाही जाणार. साठ वर्षांची सवय आहे आणि बायको शेजारी बसू देणार नाही. पण दारात कुणी फेटा बांधून आलं, तर त्याला मी पुढच्या बाकावर नेऊन बसवीन.